उलट्या बाजूने युरोप: कपड्यांच्या वाटेने फिरणाऱ्या नवख्यांसाठी

पैठणी घेताना जाणत्या बायका पहिलं काय करतात? पदर उलटून बघतात. हातमागावरच्या खऱ्या पैठणीची नक्षी मागूनही तशीच साफ असते. मागे धागे लोंबत असले की भाव करायला तोंड फुटतं. माझी आई शिवणक्लास चालवायची. तीही कुणाचा ब्लाउज हातात आला की आधी आतली टीप बघायची, मग बाहेरचं कौतुक.

युरोपात पहिल्यांदा गेले तेव्हा हे सगळं विसरले होते. मोठमोठ्या दुकानांच्या काचांसमोर फोटो काढले, किमती बघून हसलो, परत आलो. पुढच्या खेपेला आईचा नियम शहराला लावला आणि तीच शहरं वेगळी दिसायला लागली. ज्यांना असं फिरायचं आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खरेदीला पैसे नसले तरी चालतं. चालायला पाय मात्र हवेत.

आधी कापड ठरवा, मग शहर

नवखे लोक दहा दिवसांत सहा शहरं बांधतात आणि शेवटी त्यांना स्टेशनंच आठवतात. तुम्हाला कशाची ओढ आहे ते आधी बघा. रेशमाची असेल तर लिऑन. चामड्याची किंवा लोकरीची असेल तर फ्लॉरेन्स आणि शेजारचं प्रातो. सूट कसा बेतला जातो हे बघायचं असेल तर लंडन. हाताची शिलाई कुठवर जाऊ शकते ते बघायचं असेल तर पॅरिस.

पहिल्या खेपेला पॅरिस आणि लिऑन ही जोडी मला सगळ्यात सोपी वाटते. मध्ये वेगवान रेल्वेचा दोन तासांचा प्रवास आहे, आणि एकीकडे कापड विणलं कसं गेलं तर दुसरीकडे त्याचं पुढे काय झालं हे लागोपाठ बघता येतं. फ्रान्स, इटली, बेल्जियम एकाच शेंगेन व्हिसावर होतात. लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतो, वेगळे पैसे भरावे लागतात. ते गणित तिकिटं काढायच्या आधी करा.

मग तारखा, कारण कपडे उजेडाला घाबरतात

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून ठळकपणे सांगते. चित्रं आणि मूर्ती वर्षानुवर्षं एकाच जागी राहतात, कपडे राहू शकत नाहीत. उजेडाने रंग उडतो, स्वतःच्याच वजनाने रेशीम ताणलं जाऊन फाटतं. म्हणून वस्त्रांच्या दालनात साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतकाच उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी पोशाख परत पेटीत जातो. आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. थांबा, डोळे सरावतात.

याचा परिणाम असा की फॅशनची कित्येक संग्रहालयं दोन प्रदर्शनांच्या मध्ये बंदच असतात. मी एका शहरात केवळ एका संग्रहालयासाठी मुद्दाम मुक्काम केला होता आणि दारावर पाटी होती: पुढचं प्रदर्शन तीन आठवड्यांनी. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी प्रदर्शनाच्या तारखा बघा. आठवड्याच्या सुट्ट्याही सारख्या नसतात. पॅरिसमध्ये पाले गालिएरा हे फॅशन संग्रहालय आणि डिझायनर इव्ह सँ लोराँचं संग्रहालय सोमवारी बंद, तर दिओर या फॅशन घराण्याची गॅलरी मंगळवारी.

फॅशन वीक गाठायचा मोह होतो. गाठू नका. शो निमंत्रितांसाठी असतात, हॉटेलं महागतात, आणि आपल्याला फुटपाथवर फोटोग्राफरांच्या पाठी बघायला मिळतात. पॅरिस आणि मिलानमध्ये फेब्रुवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरची सुरुवात टाळली की बरं. खरेदी करायचीच असेल तर फ्रान्समधले सरकारमान्य सेल वर्षातून दोनदा लागतात, जानेवारीत आणि जूनच्या अखेरीपासून, चार-चार आठवडे.

पोशाख कसा बघायचा

पाच कपडे नीट बघितलेले बरे, पन्नास डोळ्यांखालून घालण्यापेक्षा. समोरून एकदा बघा आणि सरळ मागे जा. मुंढा कुठे बसवलाय? बाही हलवता येईल अशी आहे का? खालची दुमड किती रुंद आहे? टाके दिसतात की लपवलेत? मग कापडाचा धागा बघा: उभा आहे, आडवा आहे की उरेब, म्हणजे तिरका? मादलेन व्हिओने या फ्रेंच डिझायनरने १९२०-३०च्या दशकांत अख्खे झगे उरेब कापून अंगाभोवती पाण्यासारखे सोडले आणि जगभर नाव मिळवलं. आपल्या शिवणक्लासात उरेब पट्टी गळ्याला लावताना बोटं दुखून येतात, त्यामुळे तिचा झगा समोर आला की आपल्याला जे कळतं ते शेजारच्या पर्यटकाला कळेलच असं नाही.

वही-पेन्सिल जवळ ठेवा. फोटोला कुठे कुठे मनाई असते, फ्लॅशला जवळपास सगळीकडेच. रेघोट्यांना कुणी हरकत घेत नाही.

पॅरिस: एक दिवस चालण्याचा, एक आत बसण्याचा

पहिल्या सकाळी ऑपेराच्या चौकातून र्‍यू द ला पे या रस्त्याने निघा. इथे सातव्या क्रमांकावर १८५८मध्ये चार्ल्स फ्रेडरिक वर्थ याने दुकान थाटलं. पॅरिसच्या उंची शिवणकामाचा पाया घालणारा हा माणूस इंग्रज होता, हे फ्रेंच लोक फारसं आवर्जून सांगत नाहीत. तोवर गिऱ्हाईक कापड आणायचं, काय हवं ते सांगायचं आणि शिंपी शिवायचा. वर्थने ते उलटं केलं. नमुने आधी त्याने करायचे, जिवंत मुलींच्या अंगावर दाखवायचे आणि गिऱ्हाइकाने त्यातून निवडायचं. कपड्याच्या आत स्वतःच्या नावाची पट्टीही त्याने लावली. आज आपण कॉलर उलटून ब्रँड बघतो, त्याची सुरुवात या रस्त्यावर आहे.

पुढे व्हाँदोमचा चौक ओलांडून पाच-सात मिनिटांत र्‍यू काँबाँ लागतो. ३१ क्रमांक डिझायनर कोको शनेलचा. आतला आरशांचा जिना, ज्याच्या पायऱ्यांवर बसून ती खालचा शो आरशातून बघायची, सर्वसामान्यांना खुला नाही. खालचं दुकान बघता येतं. बिनधास्त आत जा, पण शिरताना ‘बोंजूर’ म्हणा. फ्रान्समध्ये न बोलता दुकानात शिरणं म्हणजे कुणाच्या घरात चपला घालून देवघरापर्यंत जाणं. अर्धा रुसवा तिथेच होतो, आणि मग आपणच म्हणतो फ्रेंच लोक फार आखडू.

दुसरा दिवस सेन नदीच्या काठाजवळच्या भागासाठी ठेवा. दिओर, सँ लोराँ आणि गालिएरा ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत पंधरा-वीस मिनिटांच्या आत आहेत. तिन्ही एका दिवसात करू नका, दोन निवडा.

दिओरची गॅलरी २०२२मध्ये उघडली, ती आव्हेन्यू माँतेन्यवरच्या मूळ वास्तूतच. याच वास्तूत १२ फेब्रुवारी १९४७ला ख्रिस्तियाँ दिओरचं पहिलं कलेक्शन दाखवलं गेलं. महायुद्ध संपून दोन वर्षं होत होती, कापड अजून मोजून मिळत होतं आणि या माणसाने मीटरच्या मीटर कापडाचे घेरदार स्कर्ट काढले. लोक भुलले आणि चिडलेही. त्यातलं ‘बार’ जॅकेट बघायला मिळालं तर कंबरेच्या खाली बघा. नितंबांवरचा तो गोलवा बाईचा नाही, आत भरलेल्या गादीचा आहे. आणि इथलं माझं आवडतं दालन म्हणजे पांढऱ्या कच्च्या नमुन्यांचं. उंची कापडाला कात्री लावण्याआधी सुती कापडात पूर्ण पोशाख शिवून बघतात, त्याला ते ‘त्वाल’ म्हणतात. आमच्याकडे आई मांजरपाटात करायची तेच. भिंतभर मांजरपाटाचे भाऊबंद लटकलेले बघून मला हसू आलं होतं.

हे शिवणाऱ्या बायकांना पॅरिसमध्ये ‘पतीत मँ’ म्हणतात, म्हणजे छोटे हात. २५ नोव्हेंबरला, सेंट कॅथरिनच्या दिवशी, पंचविशीतल्या अविवाहित शिवणकाम करणाऱ्या मुली हिरव्या-पिवळ्या टोप्या घालून मिरवायच्या. मोठ्या घराण्यांच्या कार्यशाळांत ही प्रथा अजून टिकून आहे.

सँ लोराँचं संग्रहालय लहान आहे, पण त्याची काम करायची खोली तशीच ठेवली आहे: साधं टेबल, पेन्सिली, कापडाचे तुकडे आणि एक मोठा आरसा. तो मॉडेलकडे सरळ न बघता आरशातून बघायचा.

संध्याकाळी मेट्रोने आँव्हेर स्टेशनला उतरा. माँमार्त्रच्या टेकडीच्या पायथ्याशी कापडबाजार आहे, मार्शे सँ-पियेर आणि भोवतालची दुकानं. ‘कूपों’ लिहिलेल्या दुकानांत तीन-तीन मीटरचे तुकडे ठरल्या भावात मिळतात. लक्ष्मी रोडवर किंवा मंगलदास मार्केटात फिरलेल्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटतं, फक्त भाव करू नका.

लिऑन: मागाच्या उंचीचं शहर

या लेखातून एकच ठिकाण लक्षात ठेवायचं तर हे ठेवा. लिऑनला रेशीम विणायची परवानगी राजा पहिला फ्रान्स्वा याने १५३६मध्ये दिली. पुढे इथल्याच जोसेफ मारी जाकार याने १८०४मध्ये मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बसवली. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. आपण ‘जकार्ड’ म्हणतो तो हाच. येवल्यात सेमी पैठणीच्या मागावर ही पुठ्ठ्यांची माळ बघितली असेल तर तुम्ही लिऑनचा एक तुकडा आधीच बघितलाय.

हा माग इतका उंच की जुन्या घरात मावेना. म्हणून विणकर क्रुआ-रूस या टेकडीवर गेले आणि तिथे चार-चार मीटर उंच छताच्या इमारती उभ्या राहिल्या. रस्त्यात उभं राहून खिडक्या बघा: लांबट, उंच, उजेड थेट मागावर पडावा म्हणून. टेकडीवरून खाली व्यापाऱ्याकडे ठाण नेताना पावसात भिजू नये म्हणून विणकर इमारतींच्या पोटातल्या बोळांतून जायचे. त्यांना ‘त्राबूल’ म्हणतात. काहींची दारं दिवसा ढकलली की उघडतात. आत लोक राहतात, तेव्हा आवाज हळू. कूर दे व्होरास हा सहा मजली दगडी जिना असाच एका बोळात अचानक समोर येतो.

मेझों दे कानू इथे चालू माग बघायला मिळतो. ‘कानू’ म्हणजे रेशीम विणकर. मागाच्या आवाजाला त्यांनी नाव दिलं होतं: बिस्तांक्लाक-पां. इचलकरंजीत किंवा मालेगावात वाढलेल्याला तो आवाज ओळखीचा वाटेल, फक्त एकटा. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक आडवा धागा. प्रात्यक्षिक दाखवणारा माणूस थांबला की किती कापड वाढलं ते वाकून बघा. मला तरी काही दिसलं नाही.

याच विणकरांनी नोव्हेंबर १८३१मध्ये बंड केलं. व्यापाऱ्यांनी ठरलेला किमान दर पाळायला नकार दिला, त्यावरून. काळ्या झेंड्यावर लिहिलं होतं: काम करत जगू, नाहीतर लढत मरू. गिरणगावाचा इतिहास माहीत असलेल्या मराठी माणसाने क्रुआ-रूसचे जिने चढताना घाई करू नये. वर चौकात जाकारचा पुतळा आहे. विणकरांनी त्याला आधी शिव्या दिल्या होत्या, पुतळा नंतर आला. जुनं वस्त्रसंग्रहालय मोठ्या नूतनीकरणासाठी बंद आहे, उघडलंय का ते पाहूनच बेत करा.

फ्लॉरेन्स: लोकरीचा पैसा, चामड्याचा वास

इथे सगळे चित्रं बघायला जातात. त्या चित्रांचे पैसे लोकर आणि रेशमाच्या धंद्यातून आले होते. ओर्सानमिकेले चर्चला लागून लोकर संघाची इमारत आहे, तिच्यावर झेंडा धरलेलं कोकरू शोधा. एकदा डोळ्यांत बसलं की गावभर दिसतं.

चामड्यासाठी सांता क्रोचे चर्चच्या मागे स्कुओला देल कुओयो इथे जा. दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ झालेल्या मुलांना हातात कला यावी म्हणून फ्रान्सिस्कन साधू आणि चामड्याचं काम करणाऱ्या कुटुंबांनी मिळून ही शाळा काढली. साधूंच्या जुन्या निवासात आजही कारागीर बाकावर बसून काम करतात. चामड्याची कड विळीसारख्या सुरीने सोलून पातळ करतात, मग दुमडतात, म्हणून शिवण जाड होत नाही. शेजारी उभं राहून बघू देतात. बाजारातल्या पिशव्यांची कड यानंतर तुम्हीच तपासायला लागाल.

नदीकाठच्या स्पिनी फेरोनी वाड्यात जोडे बनवणाऱ्या साल्व्हातोरे फेरागामोचं संग्रहालय आहे. इटलीने इथिओपियावर स्वारी केल्यावर तिच्यावर निर्बंध आले, टाचेला आधार देणारं चांगलं पोलाद मिळेना, तेव्हा त्याने सार्डिनियाचं बूच टाचेखाली भरलं. आज गल्लीबोळात मिळणारी सलग जाड वेज टाच त्या टंचाईतून आली. ऑड्री हेपबर्नसारख्या गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी फर्मे त्याने जपून ठेवले होते.

पित्ती महालातल्या वेशभूषा संग्रहालयात १५६२मध्ये वारलेल्या एलेओनोरा दी तोलेदो या फ्लॉरेन्सच्या डचेसला ज्या पोशाखात पुरलं तो पोशाख आहे, थडग्यातून काढून सांधलेला. तो उभा नाही, आडवा झोपवलेला आहे. त्याच महालाच्या साला बियांका या पांढऱ्या दालनात १९५२पासून इटालियन फॅशनचे शो झाले आणि परदेशी खरेदीदार पॅरिसखेरीज इथेही यायला लागले.

वेळ उरला तर रेल्वेने अर्ध्या तासावर प्रातो. जुन्या लोकरी चिंध्यांतून पुन्हा सूत काढायचा तिथला पिढीजात धंदा आहे, संग्रहालय जुन्या गिरणीतच आहे. हाच धंदा आपल्या देशात पानिपतात चालतो. आपल्याला पानिपत म्हटलं की दुसरंच काही आठवतं, ती गोष्ट वेगळी.

लंडन: तळघराच्या खिडक्या

सॅव्हिल रो या सूट शिवणाऱ्यांच्या रस्त्यावर वरच्या काचा बघू नका, खाली बघा. फुटपाथच्या पातळीखाली तळघराच्या खिडक्या आहेत आणि आत शिंपी मान खाली घालून बसलेले दिसतात. कोटावर पांढरे कच्चे टाके, टेबलावर खडू. इथल्या संघटनेच्या नियमानुसार एका सूटला किमान ५० तासांचं हाताचं काम लागतं. पंधरा क्रमांकाच्या हेन्री पूलने १८६५मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी आखूड कोट शिवला, आजच्या डिनर जॅकेटचा तो पूर्वज.

दुसऱ्या दिवशी पूर्वेला स्पिटलफील्ड्स. फ्रान्सने १६८५मध्ये प्रोटेस्टंटांचं संरक्षण काढून घेतल्यावर ह्युगेनॉ, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, रेशीम विणकर इथे आले. फोर्निए स्ट्रीटवरच्या घरांना पोटमाळ्यावर रुंद खिडक्या आहेत, मागासाठी. कोपऱ्यावरची मशीद १७४३मध्ये त्यांचं प्रार्थनाघर म्हणून बांधली गेली, मग मेथडिस्ट चर्च, मग ज्यूंचं सिनेगॉग आणि १९७६पासून मशीद. एकामागून एक आलेले कष्टकरी, बरेचसे कपड्यांच्याच धंद्यातले, एकाच छताखाली देवाला हात जोडून गेले.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात प्रवेश फुकट आहे. त्यांचं पूर्व लंडनमधलं कोठार मे २०२५मध्ये लोकांना खुलं झालं. तिथे दोन आठवडे आधी नोंदवून तुम्ही पाच वस्तूंपर्यंत स्वतःसाठी बाहेर काढायला सांगू शकता, तेही फुकट. स्पॅनिश डिझायनर बालेन्सियागाचा गुलाबी झगा मागायची झुंबड असते. मी तुमच्या जागी असते तर त्यांच्या सूचीत भारतीय लुगडी शोधली असती. मुंबईच्या लष्करी वैद्यकीय खात्यात काम केलेल्या जॉन फोर्ब्स वॉटसनने १८६६मध्ये आपल्या धोतरांचे, पागोट्यांचे, लुगड्यांचे ७०० तुकडे कापून १८ खंडांत चिकटवले. भारतात काय खपतं ते ब्रिटिश गिरण्यांना कळावं म्हणून. तुकडे अजून आहेत, रंगांसकट.

दोन छोटी ठाणी

बेल्जियममधलं अँटवर्प पॅरिसहून रेल्वेने दोन तासांवर आहे. इथल्या कला अकादमीत शिकलेले सहा फॅशन डिझायनर १९८६मध्ये लंडनच्या प्रदर्शनाला गेले. नावं कुणाला उच्चारता येईनात, म्हणून ते ‘अँटवर्पचे सहा’ झाले. मोमू हे फॅशन संग्रहालय अर्ध्या दिवसात होतं.

मिलान मला या कामासाठी कमी आवडतं, तिथे बरंच काही बंद दाराआड चालतं. मात्र गॅलेरिया या छताखालच्या बाजारपेठेतलं प्राडा या फॅशन कंपनीचं जुनं दुकान बघून या, १९१३पासून तिथे आहे. जून २०२५मध्ये याच प्राडाच्या रॅम्पवर कोल्हापुरी चपला उतरल्या, आधी कोल्हापूरचं नावही न घेता. ओरड झाल्यावर कंपनीने उगम मान्य केला.

पिशवी, पावती आणि कापड

रस्त्यावर चादर अंथरून विकायला ठेवलेल्या नामांकित पिशव्या घेऊ नका. इटलीत नकली माल विकत घेणाऱ्यालाही दंड होतो, थेट ७,००० युरोंपर्यंत. चामड्यावर ‘व्हेरा पेल्ले’ लिहिलं की ते खरं चामडं एवढाच दावा असतो; शिलाई कशी आहे ते तुम्हीच उलटून बघायचं.

कर परतावा फ्रान्समध्ये एका दुकानातली खरेदी १०० युरोंच्या वर गेली की मिळतो, इटलीत ७०च्या वर. पासपोर्ट दाखवून दुकानातूनच फॉर्म घ्या. युरोपीय संघाच्या ज्या शेवटच्या देशातून बाहेर पडाल तिथल्या विमानतळावर तो नोंदवावा लागतो आणि वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून सामान आत देण्याआधी हे उरका. ब्रिटनने पर्यटकांचा परतावा २०२१पासून बंद केला आहे.

माझ्या मते आणण्यासारखी वस्तू म्हणजे तो तीन मीटरचा कूपों. लोकरी असेल तर पन्हा बहुधा दीड मीटरच्या आसपास असतो, त्यात कोट निघतो. घरी आल्यावर टेलर मास्टरांना बजावून सांगा की याला पाण्यात बुडवायचं नाही, वाफ द्यायची आणि एक रात्र पसरून ठेवायचं. कात्री मग.